जाणाऱ्यानं गाडी स्लो केली पाहिजे!

लोकांच्या घरापुढं बाग करून द्यायची, हा आमचा धंदा. या धंद्यात नखांत माती अडकते, ती संध्याकाळी ब्रशनं निघते. डोक्यात किस्से अडकतात, ते काही निघत नाहीत! जेवायला बसलं की मी एक सांगायला घेते, तो संपेपर्यंत दुसरा आठवतो आणि भाजी गार होते. माझा नवरा म्हणतो, "तू झाडं विकतेस का माणसं गोळा करतेस?"

आता त्याला काय सांगायचं! घराच्या आत काय आहे, ते माणूस झाकून ठेवतो हो. पण गेटपासून पायरीपर्यंतची ती दहा पावलं असतात ना, तिथं त्याला काहीच झाकता येत नाही.

*

केजच्या जरा बाहेर, अंबाजोगाई रोडला माझी नर्सरी. काढली त्या पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी जेवायला घरी गेले आणि तासाभरानं परत आले, तर जास्वंदीच्या तीन ओळींच्या नुसत्या काड्या उरलेल्या! मधे पंधरा-वीस शेळ्या निवांत रवंथ करत बसलेल्या, आणि त्यांच्या मागं खांद्यावर घोंगडी टाकलेला एक किडकिडीत माणूस गुन्हेगारासारखा उभा.

मी तोंड सोडलं. "कशाला सोडल्या आत?"

"सोडल्या न्हाईत ताई," तो खाली बघत म्हणाला. "त्येंनी सवताच पसंत केली नर्सरी."

माझा राग तिथंच पंक्चर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो गेटवर हजर, शेळ्यांशिवाय. म्हणाला, "खाल्लं माझ्या शेरडांनी. लावून मी देतो."

तीन ओळी लावल्या. नंतर पाणी घातलं. नंतर गवत काढलं. आणि नंतर गेलाच नाही! हेच आमचे सायबूमामा. या गोष्टीला नऊ वर्षं झाली. शेळ्या आता त्यांचा भाऊ बघतो.

मी बागकामाचा रीतसर कोर्स केलेली बाई, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. पण गेटच्या बाहेर कोणतं झाड लावायचं ते मामाच ठरवतात. "भाईर कन्हेर लावा. शेरडू तोंड लावीत न्हाई त्येला." अनुभवाचे बोल!

एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मामा, शेळ्या सोडून झाडांत कसे काय आलात?"

"चाळीस वर्सं पाला चारला," मामा म्हणाले. "आता जरा फेडतो."

*

एक पुढारी आहेत, सगळा तालुका त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांनी रोडला लागून बंगला बांधला आणि मला बोलावून घेतलं. मागणी एकच. "म्याडम, रोडनं जानाऱ्यानं गाडी स्लो केली पाहिजे. एवढं बघा."

त्यांना हिरवंगार लॉन पाहिजे होतं, पुण्याच्या हॉटेलात बघितलेलं. मी पाण्याचं बोलून बघितलं. पण अण्णांच्या बोअरला पाणी आहे, आणि अण्णांना 'नाही' ऐकायची सवय नाही. लावलं लॉन. मामांनी पोटच्या लेकरासारखं वाढवलं. तीन महिन्यांत असं झालं, की खरंच गाड्या स्लो व्हायला लागल्या!

मग शेतावरून अण्णांच्या आई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्य सगळं रानात गेलेलं. रात्री आल्या, त्यामुळं अंगण काही दिसलं नाही. सकाळी उठून बाहेर आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

साडेसातला मला अण्णांचा फोन. आवाज इतका बारीक, की मला वाटलं राँग नंबर आहे. "म्याडम, लवकर या. आई खुरपं घिऊन बसलीय."

आम्ही पोचलो तोवर खाटेएवढं लॉन साफ! माय मन लावून खुरपत होत्या आणि शेजारी मुळ्या झटकलेल्या गवताचा ढीग.

"अहो आई, हे मुद्दाम लावलंय," मी म्हणाले.

"मुद्दाम?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला माझं सर्टिफिकेट आठवलं. "बाई, हराळी हाय ही! जलम गेला माजा ही उपटता उपटता. कंबर गेली. आन ह्यो दिवटा पानी घालून दारात लावतो व्हय?"

त्यांचं चूक नव्हतं हो. लॉनचं गवत म्हणजे हराळीचंच चुलत भावंड, फक्त शहरात जाऊन राहिलेलं!

ज्यांच्यापुढं अख्खी पंचायत समिती उभी राहते ते अण्णा हात जोडून मला म्हणाले, "बाकीचं निघायच्या आत आईला दुसरं कायतरी लावून द्या."

मामांनी त्या खाटेएवढ्या जागेत वाफे केले. मेथी, कोथिंबीर, चुका. आज अण्णांकडं काम घेऊन आलेला माणूस काम होवो न होवो, कोथिंबिरीची जुडी घेऊन जातो. मायच देतात. आणि रोडवरच्या गाड्या आता स्लो होत नाहीत, चक्क थांबतात!

*

अंबाजोगाईला एक डॉक्टर आहेत. हाताला गुण आहे, पण प्रत्येक गोष्ट मोजूनमापून. दवाखान्याच्या पुढं आम्ही कुंड्या मांडून दिल्या, तर ते वही-पेन घेऊन बसले. "सकाळ-संध्याकाळ किती एमएल पाणी?"

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात मामा म्हणाले, "मातीत बोट घाला. बोटाला माती चिकाटली, तर आज पानी न्हाई."

डॉक्टर खूश! "म्हणजे आधी पल्स बघायची!"

आठ दिवसांनी ओपीडीच्या ऐन गर्दीत त्यांचा फोन. खालचं एक पान पिवळं पडलंय, फोटो पाठवलाय, अर्जंट बघा. मी फोटो मामांना दाखवला. त्यांनी फोन लांब धरून, डोळे बारीक करून बघितला.

"म्हातारं पान हाय," ते म्हणाले. "डाक्टर हायत ना त्ये? मग म्हातारपन वळखू येईना व्हय?"

*

आता घरचं सांगते, म्हणजे पक्षपात नको. लोकांची अंगणं सजवणाऱ्या माझ्या स्वतःच्या अंगणात काय आहे? एक स्कूटी, एक फुटका टब आणि वाढेल तेवढं गवत. दिवसभर दुसऱ्यांची झाडं बघून घरी आलं की एकाही पानाकडं बघावंसं वाटत नाही!

माझ्या शेजारी देशमुख काकू राहतात. त्यांचा मोगरा, त्यांचा गुलाब, त्यांची जाई, सगळं बघत राहावं असं. एकदा धारूरचं एक जोडपं माझं काम बघायला थेट घरी आलं आणि चुकून काकूंच्या गेटपाशी थांबलं. मी बाहेर आले तोवर बाई म्हणाल्या, "ताई, बास! आम्हाला असंच पाहिजे. उद्याच सुरू करा."

मी तोंड उघडलं, पण काकूंनी मला डोळ्यानं गप्प केलं. पाहुणे गेले. मी ओशाळून म्हणाले, "काकू, तुमच्यामुळं काम मिळालं. काय देऊ तुम्हाला?"

"काही नको गं," काकू म्हणाल्या. "तेवढं तुझ्या दारातलं गवत काढ. लोक मला विचारतात, शेजारी कुणी राहत नाही का म्हणून!"

*

दोन भाऊ. एकाच प्लॉटवर दोन घरं, मधे डोक्याइतकी भिंत, आणि कित्येक वर्षांचा अबोला. कशावरून, ते आता दोघांनाही नीट सांगता येत नाही.

धाकट्यांनी आमच्याकडून भिंतीलगत मधुमालतीचा वेल लावून घेतला. वेल जोमात आला, भिंतीवर चढला आणि ऊन होतं तिकडं, म्हणजे थोरल्यांच्या बाजूला, सगळाच्या सगळा फुलला!

धाकट्यांचा फोन. "मुळं माझी, पानी माझं, आन फुलं त्याच्या दारात? फिरवा त्यो वेल इकडं!"

मी म्हणाले, "दादा, वेल फिरवता येईल, सूर्य कसा फिरवू?"

दुसऱ्या दिवशी थोरल्यांचा फोन. "त्याच्या वेलाची फुलं आमच्या अंगणात पडत्यात. आमी कुनाचं फुकट घेत नसतो. सांगा त्याला."

"तुम्हीच सांगा ना, भिंतीपलीकडंच तर आहेत."

"आमी बोलत न्हाई."

असे पंधरा दिवस गेले. मी नर्सरी चालवत होते का पोस्ट ऑफिस, तेच कळेना! शेवटी मामा वैतागले. छन्नी-हातोडी घेऊन गेले आणि वेलाच्या बुडाजवळ, कंबरेच्या उंचीवर, भिंतीतल्या चार विटा काढल्या. दोन्ही भाऊ दोन्ही बाजूंनी ओरडत आले.

"वेलाला वारा लागत न्हाई," मामा शांतपणे म्हणाले. "वाळून जाईल."

भिंतीला भोक पाडून वेलाला वारा लागतो, हे मला कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

महिन्याभरानं वेल बघायला गेले, तर त्या भोकात चहाचा कप! या बाजूला थोरले खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. मी कपाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"वेलाला वारा लागतोय," ते गंभीरपणे म्हणाले.

म्हणजे बोलत अजूनही नाहीत. पण चहा संपला, की थोरले रिकामा कप भोकात ठेवतात आणि विटेवर टकटक करतात. मग पलीकडून एक हात येतो.

*

आणि आता मंदाचं सांगते.

श्रावणात एक बाई नर्सरीत आली. तिशीची, हातावर उसाच्या पाचटानं कापल्याच्या जुन्या खुणा. मंदा आणि तिचा नवरा बंडू ऊसतोडीला जातात. आडबाजूच्या एका वस्तीवर दोघांनी दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, निळा रंग दिलेलं.

"म्याडम, दारापुढं लावायला एक झाड पाहिजे," ती म्हणाली. "आमी दिवाळी झाली की तोडीला जातो, चैत सरल्यावर येतो. सहा महिने दाराला कुलूप. येताना लांबनं घर दिसतं, पन आपली वाट बघायलंय असं वाटत न्हाई. आमी यायच्या टायमाला फुलंल असं झाड हाय का?"

सावलीचं झाड मागतात लोक, फळाचं मागतात, वास्तूत बसणारं मागतात. तारीख सांगून फूल मागणारी ती पहिलीच.

मामा मागच्या ओळीकडं गेले आणि पुरुषभर उंचीचा बहावा घेऊन आले. तिच्या दारात तो आम्हीच लावला. मामांनी मुळाशेजारी एक जुना माठ गळ्यापर्यंत पुरला. माठ भरला, की पाणी आठवडाभर झिरपत राहतं.

"पण ही दोघं गेल्यावर माठ भरणार कोण?" मी विचारलं.

"माझ्या वाटंवरच हाय ती वस्ती," मामा म्हणाले.

मामांचं गाव बरोब्बर उलट्या दिशेला आहे.

पहिल्या वर्षी झाड फुललं नाही. दुसऱ्या वर्षी नाही. दर उन्हाळ्यात परत आली की मंदा फोन करायची. "न्हाई फुललं म्याडम. पन हिरवं हाय. चालतंय."

चौथ्या वर्षी एप्रिल संपता संपता मामा मला घेऊन गेले. काय सांगू! एक पान दिसत नव्हतं. नुसती पिवळी झुंबरं लटकलेली, आणि मागं ते निळं घर. दाराला कुलूप. मी लगेच मंदाला फोन लावला. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"फुललं गं! थांब, फोटो पाठवते."

"नको म्याडम!" ती घाईनं म्हणाली. "फोटू नका पाठवू. बघितलं की यायची घाई व्हईल, आन टोळी सोडून येता येत न्हाई."

त्या वर्षी कारखान्याचा हंगाम लांबला. मे अर्धा गेला, मे संपत आला. इकडं बहावा गळायला लागला. मामा रोज जाऊन यायचे आणि रोज जरा कमी बोलायचे. एक दिवस म्हणाले, "काय करावं ताई? बांधून ठिवता येत न्हाई."

जूनच्या सुरुवातीला निरोप आला, गाडी निघाली. मामांनी नर्सरीतून झाडू घेतला. निदान अंगण तरी स्वच्छ दिसावं त्यांना. मीही गेले. झाडावर एक फूल उरलं नव्हतं.

आम्ही पोचलो आणि मामा झाडायला वाकणार, तोच ट्रॅक्टर रस्त्याला येऊन थांबला. मंदा खाली उतरली, डोक्यावर बोचकं. मामांनी मान खाली घातली.

"चार दिस उशीर झाला बाई," ते म्हणाले. "गळालं समदं."

मंदानं झाडाकडं बघितलं. मग खाली बघितलं. पायरीपासून रस्त्यापर्यंत सगळं अंगण पिवळं झालं होतं. काही फुलं सुकलेली, काही त्याच सकाळची.

"मामा, झाडू ठिवा," ती म्हणाली. "सात महिने झालं, माझ्या दारात कुनी रांगुळी घातली नव्हती."

तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि फुलांवर पाय न देता, भिंतीला धरून, कडेकडेनं चालत दारापर्यंत गेली. तिच्या मागं बंडूही, डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन, तसाच कडेकडेनं.