डाव्या पंखातली ठकठक

मी फिटर माणूस. पान्यात बसत नाही ते मी मानत नाही. गावात कुणाला झपाटलंय असं ऐकलं की मी एरंडेल पाजायला सांगायचो. त्यामुळे पुढचं थट्टेवारी नेऊ नका... लिहितानाही मला घाम फुटतोय.

मिठाच्या सत्याग्रहानंतर दोनेक वर्षांनी एका हौशी शेठनी नागावला, किनाऱ्यालगतच्या वाडीत, विमानं बांधायचा कारखाना काढला. कारखाना कसला, एक मोठी शेड. सरसाने जोडलेला लाकडी सांगाडा आणि वर ताणलेलं कापड. सांगाडा धर्मामिस्त्रीकडे — दोन खाड्यांपलीकडच्या बोर्ली पंचतनचा म्हातारा, जन्मभर मचवे, होड्या बांधलेला. इंजिन माझ्याकडे. पण ते विलायतेहून यायलाच आठ महिने लागले. तोवर शेडला कुलूप होतं, आणि मधे अख्खा पावसाळा गेला.

इंजिन आलं तसं मी चार दिवसांत बसवलं. रविवारी शेठ पाहुण्यांना घेऊन येणार होते. विमान उडवणार होता माझा धाकटा भाऊ वसंता, मुंबईला शिकून आलेला.

शुक्रवारी धर्मामिस्त्री लाकडी मोगरी घेऊन आडवा आला. "मास्तर, काम बंद र्‍हायलं का पयली मोगरी फिरवायची. शेपटीपासनं एकेक सांधा ठोकायचा. आवाज बद्द आला का खोलायचा. दोन दिस द्या."

"ही काय होडी आहे?"

"होडी बुडली तं पोहता येतंय. यातनं वसंता कुठं पोहणार?"

"रविवार टळायचा नाही. बाजूला हो!"

"न्हाय व्हनार."

मी त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्या कामगारांदेखत, बापाच्या वयाच्या माणसाला! मुंडासं खाली पडलं. त्याने ते झटकलं, मोगरी उचलली आणि त्याच दिवशी बोर्लीला निघून गेला. मला तेव्हा लाज वाटली नाही, हे खरं सांगतो.

रविवारी सकाळी दहाचा सुमार. ओहोटीच्या घट्ट वाळूवर विमान उभं होतं. वसंताने कॉकपिटमध्ये पाय टाकला, आणि शेपटीतून आवाज आला... ठक. मग पुढे, ठक. एकेक सांधा घेत तो आवाज डाव्या पंखात शिरला. शेठनी ऐकला, पाहुण्यांनी ऐकला. पंखाची जाडी जेमतेम वीतभर, आत माणूस मावणं शक्यच नव्हतं. पंखाच्या मधोमध आवाज बदलला — बद्द. बद्द. बद्द.

माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्याच्या माणसांनीच काहीतरी केलंय, असं वाटून मी पहार उचलली आणि आवाजाच्या जागी सगळ्या ताकदीने घातली. शेठ ओरडले. कापड फाटलं, आणि आतून किंकाळी आली... "आयो गं!"

आत कुणी नव्हतं. पंखाचा मुख्य वासा भिजलेल्या पावासारखा हातात आला. पावसाळ्यात सरस सुटून लाकूड आतून कुजलं होतं. वसंता शंभर फूट वर गेला असता तर पंख तिथेच दुमडला असता. मी वाळूत बसून रडलो.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीचा जावई बोर्लीहून आला. म्हणाला, "रविवारी सकाळी मामा अंगणात बसून फळीवर मोगरी ठोकीत व्हते. येकदम वरडले. उजव्या हाताचा पार चेंदा झाला. जवळ कुनी न्हवतं. वैद्य म्हनतो, पहारीचा मार हाय."

मी तसाच बोर्ली गाठली आणि मिस्त्रीचे पाय धरले. हात खांद्यापर्यंत बांधलेला, बोटं काळीनिळी.

"वसंता बरा हाय ना?" त्याने विचारलं.

मी होय म्हणून मान हलवली.

मग डाव्या हाताने त्याने मोगरी माझ्यापुढे सरकवली. "उजवा पंख र्‍हायलाय, मास्तर. आता तुमी ठोका."

मी ठोकला. दोन दिवस लागले, तीन सांधे बद्द निघाले. नवा वासा घालून महिन्याने विमान उडलं, आणि वसंता हसत उतरला. मिस्त्रीला उजव्या हातात मोगरी पुन्हा धरता आली नाही.

नागावच्या पंखात बोर्लीचा हात कसा आला, हे मला आजतागायत उलगडलेलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. तो हात मोडला कुणी, तेवढं मात्र मला विचारू नका. ते मला माहीत आहे.