न धुतलेला सांधा

सुहागा चाचा किराणा दुकानात उभ्या उभ्या सुहागा, म्हणजे टाकणखार, चाखून बघायचे. चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटायचे आणि बाहेर जाऊन थुंकायचे. तुरट लागला की पुडी परत. "यामा तुरटी शे, शेठ. न्हाव्याले द्या," एवढं बोलून पुढच्या दुकानात. सायकलच्या फ्रेमी पितळेने सांधणारा एवढा चोखंदळ माणूस धुळ्यात दुसरा नव्हता. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं.

आणलेला सुहागाही ते कच्चा वापरत नसत. तव्यावर भाजायचे, लाहीसारखा फुलला की कुटायचे, पाण्यात कालवून, पितळ नीट पसरावं म्हणून घासलेल्या लोखंडावर लेप द्यायचे. मी एकदा मोठ्या कौतुकाने बाजारातली सांधकामाची तयार पूड नेली. "ही चांदीना सांध्याले चालस, सर. पितळनी आच लागनी की काळी पडस," म्हणत त्यांनी डबा माझ्याच पिशवीत ठेवला. मला राग आला. म्हातारा हट्टी आहे, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

पण त्यांचा खरा हट्ट धुण्याचा. सांधा निवला की सुहागा त्यावर काचेसारखा घट्ट बसतो. आत पितळ पोचलं की नाही, ते त्या काचेखाली दिसत नाही. चाचा फ्रेम गरम पाण्यात भिजवायचे, तारेच्या ब्रशने घासायचे, पुन्हा भिजवायचे. फट दिसली की सांधा पुन्हा तापवायचे. धुतलेली फ्रेम दाराजवळच्या खुंटीला, ती गिऱ्हाइकाने न्यायची; न धुतलेली आत ऐरणीजवळ. "धुवाशिवाय सांधा खरा नही," असं ते दर गिऱ्हाइकाला ऐकवत.

मी देवपुरातल्या शाळेत मास्तर. साखर वाढली म्हणून सायकल काढली आणि रविवारी लांब जाणाऱ्या एका गटात शिरलो. वडिलांच्या जुन्या फ्रेमचा हँडलखालचा सांधा चाचांकडे टाकला होता. रविवारी शिरपूरला जायचं होतं, आणि चाचा म्हणत होते सोमवारी न्या. शुक्रवारी दुपारी गेलो, तर ते नमाजला गेलेले. दुकान नेहमीसारखं उघडं. फ्रेम ऐरणीजवळ होती. सांध्यावरची काच मला स्पष्ट दिसली, बोटालाही लागली. रंगाखाली जाईल म्हटलं, उचलली आणि घरी नेऊन रंग मारला. संध्याकाळी फोन करून सांगितलं, "चाचा, फ्रेम नेली हं." ते फक्त "बरं" म्हणाले.

शिरपूरहून परतताना सांधा उघडला आणि मी रस्त्यावर आपटलो. गुडघ्यावर निभावलं. सगळे गोळा झाले. काम कुणाचं, असं कुणीतरी विचारलं. "सुहागा चाचांचं," मी म्हणालो. पुढचं वाक्य मी गिळलं. तेव्हा लाज वाटली आणि नंतर सवय झाली.

दुसऱ्या दिवशी गटातले दोघं माझ्याबरोबर दुकानात आले. चाचांनी नखाने रंग उचकटला. खाली काच तशीच होती.

"मी न धुताच खुंटीले टांगी दिन्ही का, सर?"

हे त्यांनी मला विचारलं. मला, ज्याला उत्तर माहीत होतं. ते दोघं शेजारी उभे होते. मी म्हणालो, "असू द्या चाचा, होतं असं कधीकधी." आजही हे वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यांनी सांधा नव्याने केला आणि माझ्यासमोर तीनदा धुतला. महिन्याभरात दुकान बंद झालं. आता ध्यान राहत नाही, कुणाचा जीव जाईल, असं शेजाऱ्याला सांगून ते जळगावला मुलीकडे निघून गेले.

तिथे जायला मला दोन वर्षं लागली. त्यांची तब्येत छान होती. पाढे म्हणावेत तसे नातवंडांच्या परीक्षांचे मार्क सांगत होते, एकही न चुकता. मी चहा थंड होऊ दिला आणि सगळं सांगून टाकलं.

"खुंटीले नव्हती ती?"

"नाही चाचा. ऐरणीजवळून उचलली मी."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उन्हात वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत हळूच म्हणाले, "मंग मी दुकान काबर बंद कयं?"