अब्बांची फळं आणि तासगावचं स्थळ

साताऱ्याच्या स्टँडवर वडूजची गाडी लागली, तेव्हा शाहीन रात्रपाळी संपवून थेट तिथेच आली होती. माझी ही धाकटी बहीण एका रुग्णालयात नर्स आहे. गणवेशावर स्वेटर, डोळे तांबारलेले. तिने डबा माझ्या हातात दिला.

"आपा, तू बघून ये. तू हो म्हणालीस तर माझं हो."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर माझा डबा परत दे."

हे आम्ही दखनीत बोललो. घरात आमची बोली तीच, इथे मराठीत लिहिते आहे. ती हसली, पण गाडी हलेपर्यंत तिने खिडकीची दांडी सोडली नाही.

मी तिच्यासाठी स्थळ बघायला तासगावला निघाले होते. हे काम अब्बांचं. ते गेल्या वर्षी गेले, अम्मी त्यांच्याही आधी. मग मोठी म्हणून ते माझ्याकडे आलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तक हातात घेतलं की त्याची जागा कुठल्या कपाटात ते मला सांगता येतं. माणसांचं तसं जमत नाही.

अब्बांना जमायचं, असं आम्ही सगळे मानत होतो. आम्ही बागवान, पिढ्यान्‌पिढ्या फळं-भाजी विकणारे. मंडईतल्या गाळ्यावर बसून अब्बा येणाऱ्याजाणाऱ्याला एखादं फळ नाहीतर भाजी ठरवून टाकत. शेजारच्या गल्लीतल्या एक काकू म्हणजे लाल भोपळा. महिनोन्‌महिने सगळं पोटात ठेवतील, पण एकदा चीर पडली की गल्लीभर फोडी जाणार. आमचे फुफा (आत्याचे यजमान) सुरण. घाईने हात लावला की खाज, चिंच घालून सावकाश शिजवले की त्यांच्यासारखे तेच. एक चुलतभाऊ वांगं, कारण तो कुठल्याही लग्नात, कुठल्याही रश्शात बसायचाच. वरून काटेरी, आतून गोड म्हणून कुणी कुणाला फणस म्हटलं की मात्र अब्बा चिडत. "फणस कापायला आधी हाताला तेल लावावं लागतं," ते म्हणत, "हे कुणी सांगत नाही."

तासगावच्या त्या मुलाचं नाव इरफान. अब्बांनी त्याला काय म्हटलं असतं, हा प्रश्न घेऊन मी खिडकीशी बसले होते.

पुसेगावला एक आजी मोठं गाठोडं घेऊन चढल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

"कुठं चाललीस गं लेकी?"

"तासगावला. बहिणीसाठी मुलगा बघायला."

"एकलीच? संगं बापय माणूस न्हाई?"

"वडील गेले."

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि काही अंतर तसाच राहू दिला. त्या हातामुळे असेल, मी त्यांना अब्बांच्या फळांची गोष्ट सांगितली. सहसा मी गाडीत कुणाशी बोलत नाही. आजी एकदम सावरून बसल्या.

"मग मी कोण गं?"

उत्तरही त्यांनीच दिलं. "दोडका म्हण मला. आमच्या म्हाताऱ्यानं जल्मभर नाक मुरडलं. 'आज पुन्हा दोडकाच व्हय?' म्हणायचा, आन ताट पुसून खायचा."

मागे उभा असलेला कंडक्टर वाकला. "आन मी वो आजी?"

"तू? तू हिरवी मिरची. दारात उभं ऱ्हायलं की झोंबतोस."

पुढच्या दोन बाकांवरची माणसंही हसली. मला अब्बांच्या गाळ्यावरची सकाळ आठवली, आणि पहिल्यांदाच ती आठवून मीही हसले.

वडूजच्या आसपासचं रान कोरडं आहे. उघड्या टेकड्या, त्यांच्या माथ्यावर पवनचक्क्या, खाली काढणीला आलेला शाळू (रब्बीची ज्वारी). मधूनच डाळिंबाच्या बागेचा हिरवा तुकडा. त्यातला एक सुभेदार आबांचा. आबा सैन्यातून निवृत्त होऊन शेतीला लागले. त्यांच्या बागेचं फळ अब्बा दरवर्षी घेत, म्हणून मी वाट वाकडी करून त्यांना भेटायला उतरले होते. ते मोटारसायकल घेऊन स्टँडवर उभे होते, पाठ अजून ताठ.

घरी काकींनी शाळूची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि शेंगदाणे घालून केलेला खर्डा वाढला. आबा जेवताना म्हणाले, "बागवान गेले आन बागंत येणारा माणूसच गेला बघा. आता टेम्पो येतो. टेम्पोला काय बोलायचं?"

मी विचारलं, "आबा, अब्बा माणूस बघितल्या बघितल्या कसा ओळखायचे?"

"कुठलं ओळखत्यात! लय चुकायचे."

माझा घास हातातच राहिला.

"खरं सांगतो. मी पेन्शनवर आलो तवा मला मुळा म्हणले. का, तर ताठ आन उग्र. दुसऱ्या सालाला म्हणले, न्हाई आबा, तुमी बटाटा. मी म्हणलं, आवं बागवान, हे प्रमोशन का डिमोशन?"

आतून काकींचा आवाज आला, "बटाटाच बराबर हाय. कुटंबी लोळतोय."

"ऐका, ही आमची तोफ."

"आणि त्यानंतर काय म्हणाले?" मी विचारलं.

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. त्यांनाही ते आत्ताच आठवत असावं. "त्येच्यानंतर कवा काय म्हणलेच न्हाईत. नुसतं आबा. माणूस जवळचा झाला की त्यांची फळं सरायची बघा."

निघताना त्यांनी डाळिंबांची पिशवी हातात दिली. "पाव्हण्यांकडं रिकाम्या हातानं जाऊ नगा." मायणी, विटा मागे पडेपर्यंत ती पिशवी मांडीवर होती आणि मी आठवत होते. अब्बा अम्मीला कोणतं फळ म्हणायचे? शाहीनला? मला? काही आठवेना. आठवण्यासारखं काही नव्हतंच. इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

विट्याच्या पुढे रान बदलत गेलं. तारांवर चढवलेल्या द्राक्षवेली, क्रेटनी भरलेले टेम्पो, आणि तासगाव ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला बेदाण्याच्या लांबलचक शेडा. एका फाट्यावर मी उतरले. समोरच्याच शेडवर इरफानच्या नावाची पाटी होती. दारात एक उमदा तरुण उभा होता. त्याने धावत येऊन पिशवी घेतली, खुर्ची पुसली, पाणी दिलं, द्राक्षांचा घड पुढे केला आणि शेडची सगळी माहिती हसतहसत सांगितली. द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरायची, वारा खेळता ठेवायचा, पंधरवड्यात बेदाणा तयार. मी मनात म्हटलं, कलिंगड. मोठं, गार, आतून लाल. शाहीनला आवडेल. माझं जवळजवळ ठरलंच होतं.

"तुमचे घरचे कुठे आहेत?" मी विचारलं.

"माजे? माजे सावळजला. तुमी इरफानकडं आलाय न्हवं? त्यो आत जाळ्या झाडतोय. मी संजय, त्येचा भागीदार." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तो हसत सुटला. "इरफान! आरं लवकर ये, न्हाईतर माजं लगीन ठरतंय!"

आतून आलेला माणूस बारीक चणीचा होता. कपड्यांना बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीचा वास, केसांवर काड्यांचा भुसा. त्याने सलाम केला आणि हात शर्टला पुसत उभा राहिला. मला तो कुठल्याच टोपलीत ठेवता येईना.

घर शेडच्या मागेच. गावात मुसलमानांची चारच घरं, त्यामुळे घरातही बोली गावचीच. इरफानच्या आई खैरूनखाला (खाला म्हणजे मावशी) यांनी डाळिंबं घेतली, चहा केला आणि समोर बसल्या. मी शाहीनने बजावलेला प्रश्न विचारला. "शाहीन नोकरी सोडणार नाही. रात्रपाळ्या असतात, सणासुदीलाही सुट्टी मिळतेच असं नाही. तुम्हाला चालेल?"

इरफानने माझ्याकडे बघितलं. मग दाराबाहेर बघितलं. आणि उठून पळत सुटला.

खालांचा चेहरा उतरला. "राग मानू नका. आभाळ आलंय."

मी बाहेर आले. पश्चिमेकडून ढग चढत होते. शेडमध्ये लोकांचा माल वाळत होता, आणि पाऊस लागला की बेदाणा काळा पडतो. इरफान आणि संजय ताडपत्र्या सोडत होते. एक कोपरा वाऱ्याने फडफडत होता, मी जाऊन त्याची दोरी धरली. कुणी नको म्हणालं नाही, कुणी आभारही मानले नाहीत. इरफान एकेक दोरी बांधत माझ्यापर्यंत आला, माझ्या हातातली घेतली, गाठ मारली आणि पुढच्या खांबाकडे गेला. थोडे थेंब पडले. मग वारा फिरला आणि ढग पूर्वेला सरकले.

तो हात धुऊन परत आला आणि मघाच्याच जागी बसला.

"तुमी विचारलं त्येचं सांगतो," तो म्हणाला. "नोकरी सोडायची न्हाई. पर इथनं रोज साताऱ्याला जाणं जमायचं न्हाई, खोटं कशाला बोलू. मिरजेत दवाखाने लय हायत. त्यांना तिथं काम मिळालं तर मी मिरजेत खोली घेतो. हंगामात मी इथं, बाकी तिथं."

खालांनी कप खाली ठेवला. "हे मला कवा सांगितलंस?"

"आत्ताच ठरलं, आम्मा. ताडपत्री बांधताना."

"आन मी इथं एकली काय करू?"

"तूबी चल."

"आन शेरडं (शेळ्या) कोण बघंल? त्यास्नी घेऊन जाऊ मिरजेला? दवाखान्यात बांधू?"

संजय दारातून म्हणाला, "मी बघतो की शेरडं." त्यावर खाला म्हणाल्या, "तुला तुजी बूटं सापडत न्हाईत." मला हसू आलं, पण त्यांचे डोळे भरले होते. इरफान मान खाली घालून बसला. तरी त्याने बोललेलं मागे घेतलं नाही.

मी निघायला उठले तेव्हा खालांनी मला आत बोलावलं. "आमचं पोर तुमी बघितलंत. तुमची भैन कशी हाय? खरं सांगा."

माझ्या तोंडून फळ येईना. मी म्हटलं, "रात्रपाळीवरून आली की उभ्यानेच न्याहारी करते. बसले तर झोपेन म्हणते. खोटं बोलली की लगेच हसते, म्हणून बोलत नाही. वडील गेले तेव्हा रडली नाही. तिला रडायला आलं की ती भांडी घासायला बसते. त्या महिन्यात आमची भांडी आरशासारखी झाली होती."

खालांनी पदराने डोळे टिपले. "आमच्यात भांडी लय हायत," त्या म्हणाल्या.

ती रात्र मी सांगलीत एका मैत्रिणीकडे काढली. सकाळी लसूण घातलेलं भडंग (मसालेदार चुरमुरे) आणि चहा घेऊन मिरजेला गेले. रुग्णालयांच्या रस्त्यावर कर्नाटकातून आलेले पेशंट, कानडी-मराठी एकत्र बोलणारे नातेवाईक, आणि ओळीने फळांच्या गाड्या. अब्बा गेल्यापासून मी फळ विकत घ्यायला कुठे थांबले नव्हते. तिथे थांबले. मोसंबी उचलली आणि नकळत अंगठ्याने चाचपली.

"दाबू नका, आपा," गाडीवाला म्हणाला. "उद्या तिथंच डाग पडतो."

अब्बा रोज गिऱ्हाइकांना हेच सांगत. शब्द तेच; आवाज तोच नव्हता, पण पुरेसा जवळचा होता. मी मोसंबी घेऊन एका पायरीवर बसले आणि डोळे वाहू दिले. रुग्णालयाच्या दारात कुणी रडलं तर कुणी काही विचारत नाही. समोरून तीन नर्स बोलत बोलत कामावर चालल्या होत्या. त्यांच्यात शाहीन चालते आहे असं बघायचा प्रयत्न केला. अवघड गेलं नाही.

परतीची गाडी कऱ्हाडवरून होती. उसाच्या ट्रॉल्यांमागे ती रखडत होती, म्हणून विचाराला वेळ मिळाला. आदल्या दिवशी भेटलेल्या एकेका माणसाला मी अब्बांच्या रीतीने नावं देत गेले. दोडका, मिरची, कलिंगड. इरफानपाशी अडले. त्याला काही म्हणावंसंच वाटेना. डोळ्यांसमोर येत होतं ते त्याने माझ्या हातातली दोरी घेतली ते, आणि आईसमोर मान खाली घातली तरी शब्द बदलला नाही ते. अब्बांची फळं लांबून बघायच्या माणसांसाठी होती. जवळच्यांसाठी त्यांच्याकडे नुसती हाक होती, आणि ती त्यांनी आम्हाला भरभरून दिली होती. कितीतरी महिन्यांनी मला वाटलं, घरी सांगायला माझ्याकडे काही चांगलं आहे.

शाहीन दारातच होती. तिने मला बसू दिलं, पाणी दिलं, आणि मी सगळं सांगितलं. ढग, दोऱ्या, मिरजेची खोली, खालांचं रडू. ती उभ्यानेच ऐकत होती.

"आईला न विचारता बोलला?"

"हो."

"आणि आता ती तिथे एकटी पडणार?"

"ती आणि शेळ्या."

शाहीनने माझ्याकडून त्या घरचा नंबर घेतला आणि फोन लावला. मी म्हटलं, "इरफान आत्ता शेडवर असेल."

"त्याला नाही लावत."

पलीकडून खालांचा मोठा आवाज मलाही ऐकू आला. "कोण हाय?"

"खाला, मी शाहीन, साताऱ्याहून," माझी बहीण म्हणाली. खुर्ची ओढून ती बसली. "आधी मला सांगा, तुमच्या शेळ्या दिवसातून किती वेळा सोडाव्या लागतात?"