नारळासाठी मातीचा अहवाल

भाईंदरच्या मुलीनं शेतकी शिकायला जावं, याचं आमच्या नातेवाइकांना फार कौतुक वाटलं. भेटेल तो विचारायचा, "मग ट्रॅक्टर कधी घेतेस?" माझं सरकारी कृषी विद्यापीठ आडगावात होतं आणि इतकं लहान, की नावाची पाटी इमारतीपेक्षा लांब वाटायची. एसटी दिवसातून दोनदा यायची, वीज तिच्या सवडीनं. चार वर्षं मी तिथं माती चाळली, कलमं बांधली आणि भाईंदरला, गोडदेवच्या आमच्या चौथ्या मजल्यावर परतले. विद्येचा उपयोग म्हणून विम्याच्या ऑफिसात नोकरी लागली.

मागच्या वर्षी सोसायटीच्या आवारातला नारळ पिवळा पडू लागला, कोवळी फळं गळायला लागली. तेव्हा सेक्रेटरींना अचानक माझी पदवी आठवली.

"मॅडम, तुम्ही अ‍ॅग्रीकल्चरवाल्या ना? जरा बघा ना, फुकटात."

मी पाहिलं. खोडाला अगदी चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले होते. पाणी मुरायला बोटभरही जागा नव्हती. मी म्हटलं, "काका, बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढा."

"अहो, नवीन आहेत! असं कसं काढणार? काही रिपोर्ट वगैरे आणा, कमिटीपुढे ठेवतो."

म्हणून मी माती पिशवीत भरून माझ्या जुन्या सरांकडे कुरिअर केली. ती पोहोचल्याची पोच यायला महिना गेला. विद्यापीठाला घाई कधीच नसते, पिकं काही पळून जात नाहीत. तोवर नारळाच्या आणखी दोन झावळ्या गेल्या. मग एकदाचा अहवाल आला, शिक्क्यासकट. 'सदर जमीन भात पिकास योग्य.' नारळाबद्दल चकार शब्द नाही.

सेक्रेटरींनी तो गेटवर मोठ्यानं वाचला. "वा! पार्किंगमध्ये भात लावू या," म्हणाले. वॉचमनही हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेटबाहेर भाजी विकणाऱ्या मावशी मूळच्या गोडदेव गावातल्या. त्या मात्र हसल्या नाहीत.

"यात हसण्यासारखं काय हाय? बरोबरच लिवलंय. इथं आमचं भातच पिकायचं. ही बिल्डिंग हाय ना, तिथं माझ्या सासऱ्यांचा बांध होता."

मावशी आत आल्या, नारळाखालच्या ब्लॉकवर पाय आपटला. "याला पाणी प्यायला जागाच न्हाय. काढा हे."

"हो, हो, लगेच," सेक्रेटरी म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत ब्लॉक निघाले. चार वर्षांची पदवी आणि शिक्क्याचा अहवाल यांना जे जमलं नाही, ते मावशींच्या चपलेनं केलं. काही महिन्यांनी नारळाला कोवळा हिरवा कोंब फुटला. नोटीसबोर्डावर कमिटीचं अभिनंदन झळकलं.

त्या दिवशी कोथिंबीर घेताना मावशींनी विचारलं, "पोरी, चार वरसं तिकडं नक्की काय शिकवलं गं तुला?"

चेष्टा असेल म्हणून मी टाळायला बघितलं. पण त्या खरंच थांबल्या होत्या. मग मी मातीच्या थरांपासून सुरुवात केली. दोन गिऱ्हाइकं भाव विचारून गेली, तरी मावशींनी माझ्यावरची नजर हटवली नाही. मधेच म्हणाल्या, "थांब, ते कलमाचं परत सांग."

मी परत सांगितलं. ऑफिसला उशीर झाला.