सईचं औषध नक्की कोणी द्यायचं?

आज रविवार. लोहगडवाडीतल्या आमच्या स्टॉलवर ट्रेकर्सची रांग लागलेली. सईच्या फिटच्या औषधाची वेळ झाली, तशी मी भज्यांची कढई नवऱ्याकडे दिली, हात धुतले आणि सिरिंजमध्ये औषध मोजून घेतलं.

सई माझी लेक, सहा वर्षांची. तिला दुर्मिळ जनुकीय आजार आहे. ती बोलत नाही, पण सिरिंज दिसली की तोंड उघडते. आजही उघडलं.

तेवढ्यात सासूबाई पाणी घेऊन आल्या. "अगं, मी दिलंय की मघाशी. तू कामात हुतीस म्हणून."

माझा हात तिथंच थांबला. डोस दुप्पट गेला तर पोरीला धोका आहे, हे डॉक्टरांनी बजावलंय.

स्टॉलवर आमचा नियम आहे. ज्यानं ऑर्डर घेतली त्यानंच प्लेट न्यायची, म्हणजे एका गिऱ्हाइकाला दोनदा भजी जात नाहीत. औषधाला मात्र असा नियम नव्हता. आजपासून औषध मीच देणार. मी नसणार असले तर सासूबाईंना "आज तुम्ही द्या" असं सांगून जाणार.

तुमच्याकडे औषध कोण देतं, हे ठरलेलं आहे का? गिऱ्हाईक निदान सांगतं, "आमची प्लेट आली." सई दुसऱ्यांदाही तोंड उघडते.