खांबापासून चार पावलांवर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. तो फुगा मी फोडला होता.

मी मुलांची लीडरशिप शिबिरं घेतो. घर राजाजीनगरात, पोट सर्जापूर रोडवरच्या सोसायट्यांच्या जिवावर. साहित्य म्हणजे फुगे. बाकी सगळं इंग्रजी. त्या रविवारी तिथल्या मराठी मंडळाची मुलं होती. शेवटचा खेळ सोपा. सहा जणांनी फुग्याखाली एकेक बोट लावायचं आणि तो बास्केटबॉलच्या खांबापर्यंत न्यायचा. पडला की पहिल्यापासून.

बाकीच्या टीम पोचल्या. एक टीम सात वेळा पाडून आठव्यांदा निघाली होती. नऊ वर्षांची सई हळू आवाजात पावलं मोजत होती. "एक... थांबा, ईशानचं बोट सुटलंय... हां, दोन." कुणी कुणावर ओरडत नव्हतं. माझ्या ब्रोशरमधलं सहकार्य मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होतो.

तेवढ्यात मंडळाच्या सेक्रेटरी अमृता मॅडम आल्या.

"सर, अजून किती? डोसेवाले अण्णा तवा तापवून बसलेत."

"स्वल्प थांबा हो, मॅडम," मी इथल्या कानडी सवयीने म्हणालो. "दोन मिनिटं."

"मघाशीपण दोनच म्हणालात. पुढच्या वर्षी योगावाल्यांना बोलवू का?"

मी छातीवरचा 'फॅसिलिटेटर'चा बिल्ला काढला, पिन उघडली आणि शाबासकी द्यायला म्हणून टीमवर वाकलो. खांब चार पावलांवर होता. फट्ट.

मग डीब्रीफ. म्हणजे खेळ संपला की गोल बसून, काय चुकलं ते प्रामाणिकपणे बोलायचं.

"सईची नखं लागली," ईशान म्हणाला.

"मी कालच कापलीत." सईने दहाही बोटं माझ्यापुढे धरली.

खरंच कापलेली होती. मी नीट पाहिली आणि म्हणालो, "बेटा, लीडर कारणं देत नाही. ओनरशिप घेतो."

तिने टीमची माफी मागितली. मी मोठ्या मनाने तिला माफ केलं, वर फ्रॉकला एक स्टार चिकटवला. टाळ्या झाल्या. अमृता मॅडमनी डोळे पुसले. डोसे गरम मिळाले.

ती ओनरशिप आता माझ्या प्रेझेंटेशनमध्ये आहे, फोटोसकट. पुढच्या वर्षीचं शिबिरही मलाच मिळालं. सईचं नाव यादीत नव्हतं. तिच्या वडिलांचा फोन आला. "सर, शाळेत ग्रुप लीडर हो म्हणतात, तर ही नको म्हणते. माझ्यामुळे फुटेल, म्हणते. काय करू?"

"कॉन्फिडन्सचा इश्यू आहे," मी म्हणालो. "शिबिराला पाठवा."

फुग्यांच्या खेळातून मुलं एकत्र काम करायला शिकतात, हे मी स्वतः पाहिलंय. फक्त शिकवणाऱ्याच्या हातात पिन नसावी.

सईला मी एक वाक्य देणं लागतो, तिच्या टीमच्या समोर: फुगा मी फोडला. इथे लिहून झालं. तिला अजून सांगितलेलं नाही.