धोंडू घाडीने न वाजवलेला ढोल

लालबागच्या चाळीत धोंडू घाडीशी बोलायच्या दोनच रीती होत्या. एक, त्याच्या उजव्या कानाला तोंड लावून ओरडायचं. दुसरी, त्याच्या बायकोला, अंबिकेला सांगायचं आणि मग तिने ओरडायचं. डावा कान केव्हाच कामातून गेलेला. सतरा वर्षं गडी तोफखान्यात होता, कानात कापसाचे बोळे कोंबून तोफा डागत होता. आता तोफेपुढे कापूस काय कपाळ करणार? हवालदार होऊन घरी आला, पेन्शन बसलं, पण कान नोकरीपायी गेले हे काही सरकारने मानलं नाही. मानलं असतं तर अपंगत्वाचं जादा पेन्शन मिळालं असतं, आणि ते काय कुणाला नको असतं? पण धोंडूला त्याहून हवी होती कागदावर एक ओळ, कान सेवेत गेले एवढीच. गल्लीतली पोरं त्याच्यामागे काय बोलतात ते त्याला ऐकू यायचं नाही, पण हसताना दिसायची.

त्याने अपील केलं. पाच वर्षांनी तीन पानी निकाल आला. धोंडूची मुलगी श्रेया दादरला एका कंपनीत कामाला, कागदपत्रं तीच बघायची. तिने निकाल वाचला आणि बापाच्या कानात ओरडून सांगितला. अख्ख्या मजल्याने ऐकला, वेगळी प्रत काढायची गरज पडली नाही.

अपील समितीचं म्हणणं असं होतं. अर्जदार मूळचा लालबागचा. प्रत्येक वार्षिक रजा त्याने गणपतीतच घेतली आहे. वैद्यकीय फॉर्मात 'छंद' या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने 'ढोल वाजवणे, दरवर्षी' असं लिहिलं आहे. तोफ ही सरकारी असून ती ठरलेल्या मानकांनुसारच वाजते, ढोलाला असं कोणतंही मानक नाही. सबब अर्जदाराने बहिरेपण रजेच्या काळात ओढवून घेतलं आहे. अपील फेटाळण्यात येत आहे.

घ्या! लालबागच्या माणसाने गणपतीत रजा घ्यायची नाही तर काय नाताळात घ्यायची?

अंबिका मात्र समितीवर नाही, नवऱ्यावर उखडली. "तुमका कोणी सांगल्यान होता छंद लिवूक? रकानो रिकामो ठेवलो असतो तर काय फाशी दिल्यानी असती?"

"इचारल्यानी म्हणान लिवलंय," धोंडू म्हणाला. "खोटा कशाक लिवू?"

सरकारी रकाना खरं लिहायला असतो असं मानणारी माणसं अजून या मुंबईत आहेत. कशी जगतात देव जाणे.

दुसऱ्या अपिलाच्या वेळी एका जाणत्या माणसाने श्रेयाला वाट दाखवली. वडिलांनी कधी ढोल वाजवलाच नाही, असा गल्लीतल्या गणपती मंडळाचा दाखला आणा. मंडळाचा चिटणीस वैभव. हा वैभव चड्डीत होता तेव्हा धोंडूनेच त्याच्या हातात ढोलाचं टिपरू दिलं होतं, ढोल कसा बांधायचा ते शिकवलं होतं. गुरूचं ऋण फेडायची संधी चालून आल्यावर तो मागे कसा हटेल? त्याने दुपारच्या दुपारी दाखला टाईप केला. 'श्री. धोंडू रामा घाडी यांनी मंडळाच्या कोणत्याही मिरवणुकीत ढोल अथवा तत्सम वाद्य कधीही वाजवलेले नाही.' खाली गणपतीच्या चित्राचा गोल शिक्का. त्याखाली 'वरील मजकूर खरा आहे' म्हणून धोंडूची सही हवी होती.

धोंडू पेन धरून बसून राहिला. या माणसाचं एक गुपित होतं, ते घरात फक्त अंबिकेला ठाऊक. जगातला एकच आवाज त्याला अजून पुरता ऐकू यायचा, तो ढोलाचा. कानांनी नाही, पोटातून आणि तळपायांतून. वर्षातले ते दहा दिवस तो बहिरा नसायचा.

"करा सही," अंबिका त्याच्या कानात म्हणाली. "देवाक सगळा म्हायत असा."

त्याने केली.

दाखल्याने काम फत्ते केलं. चार महिन्यांत निकाल आला. अर्जदाराने जन्मात ढोलाला हात लावलेला नाही हे सिद्ध झालं असून बहिरेपण सेवेमुळेच आहे. अपील मंजूर. अर्जदार सदर वाद्य वाजवताना आढळल्यास निकाल रद्द समजावा. अंबिकेने चाळीत पेढे वाटले. धोंडूने 'बहिरेपण सेवेमुळेच' ही ओळ बोट फिरवत तीनतीनदा वाचली, शेवटचं वाक्य मात्र कुणीच नीट वाचलं नाही.

मग गणपती आले. मंडळाचं पंचाहत्तरावं वर्ष, त्याची जाडजूड स्मरणिका निघाली. 'आमचे जुने ढोलवाले' या पानावर अकरा नावं, फोटोसकट. त्यातल्या दोघांनी आयुष्यात फक्त झांज धरली होती. धोंडूचं नाव नव्हतं.

"काका, दाखला एक सांगणार आणि स्मरणिका भलतंच, असं कसं चालेल?" वैभव त्याच्या कानात ओरडला. "तुमचंच नुकसान होईल. आणि विसर्जनाला पण जरा लांबच थांबा हां. हल्ली रील कुठेही पोचतं."

विसर्जनाच्या दिवशी त्याला फुटपाथवर खुर्ची टाकून दिली. पथक समोरून गेलं. खुर्चीच्या पायांतून ढोल त्याच्या अंगात चढला आणि धोंडू रडला. तोफेने कान नेले तेव्हा तो रडला नव्हता.

पुढच्याच सोमवारी लेकीला घेऊन तो अपिलाच्या कार्यालयात हजर झाला. खिडकीतल्या कारकुनाने फाईल चाळली आणि चष्मा वर केला.

"तुमचं अपील मंजूर झालंय. मग हे नवीन कशाविरुद्ध?"

श्रेयाने प्रश्न बापाच्या कानात पोचवला.

"त्याच निकालाविरुद्ध," धोंडू म्हणाला. "कान तोफेने गेले, साहेब. आणि ढोल मी सव्वीस वर्षं वाजवला. दोन्ही खरं आहे. दोन्ही लिहा."

"आजोबा, कारणाचा रकाना एकच आहे."

श्रेयाने हेही सांगितलं. "मग दुसरा आखा," धोंडू म्हणाला आणि खिडकीच्या फळीवर हात टेकून वाट बघत उभा राहिला. पंख्याखाली अर्ज फडफडत होता. कारकून तो कुठल्या फायलीत घालावा या विचारात पडला. एवढ्यात फळी हलकेच वाजायला लागली. धोंडूची बोटं ठेका धरत होती, त्याच्या नकळत.

कारकून दचकला. "ओ, हात आवरा आधी," तो म्हणाला. "हे रेकॉर्डवर गेलं तर आहे ते पण जाईल."

श्रेयाने या वेळी ते बापाच्या कानात सांगितलं नाही.